पुस्तक छापलं, पण गावात पोचलं का?

पेणच्या बाजारात किंवा रोह्याच्या एसटी स्टँडवर दहा माणसांना विचारा, की गेल्या आठवड्यात तुमच्या मोबाइलवर काय काय आलं? यादी लांबलचक निघेल. सुप्रभात, वाढदिवस, दशक्रिया, कुणाच्या तरी भाषणाची चित्रफीत, खरी-खोटी सरकारी योजना, आणि 'अकरा जणांना पाठवा, नाहीतर...' अशी धमकी. आता दुसरा प्रश्न विचारा. शेतीवर, जमिनीच्या कायद्यावर, औषधपाण्यावर, बँकेच्या व्यवहारावर किंवा आपल्याच तालुक्याच्या इतिहासावर लिहिलेल्या एखाद्या पुस्तकाची खबर कुणी पाठवली का हो? बहुतेकांची मान आडवी हलेल.

वाचकहो, आजचा विषय हा दुसरा प्रश्न आहे. कथा, कादंबरी, कविता यांची चिंता करायला संमेलनं आहेत. बाकीची जी पुस्तकं उरतात, ज्यांना पंडित मंडळी 'ललितेतर' म्हणतात आणि आपण 'माहितीची पुस्तकं' म्हणतो, त्यांना मात्र वाली नाही. छापली जातात, शाल-श्रीफळासह प्रकाशन होतं, फोटो छापून येतो, आणि नंतर गठ्ठे लेखकाच्या माळ्यावर जाऊन बसतात. पुढचं काम वाळवी करते.

माझं म्हणणं सरळ आहे. अशा पुस्तकांची खेड्याला बियाण्याइतकीच गरज आहे. ती गावात पोचवण्याचं काम लेखकाचं आहे तसंच वाचकाचंही आहे. आणि त्यासाठी आज सगळ्यात स्वस्त साधन आपल्या खिशात आहे. मात्र तेच साधन चुकीचं वापरलं तर पुस्तकाच्या मुळावरही येतं. तेव्हा दोन्ही बाजू बघू.

न वाचण्याची किंमत

'माहितीची पुस्तकं वाचून काय पोट भरतं?' असं विचारणारे पुष्कळ आहेत. त्यांना पेणचीच एक गोष्ट आठवून द्यावी लागेल. सप्टेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने पेण को-ऑपरेटिव्ह अर्बन बँकेवर निर्बंध घातले आणि लोकांच्या घामाचा पैसा अडकला. दोष घोटाळ्याचा. ठेवीदाराला बोल लावणं म्हणजे जखमेवर मीठ चोळणं होईल. पण त्या वेळी बँक बुडाली तर एका ठेवीदाराला विम्यातून जास्तीत जास्त एक लाख रुपये मिळतात, एवढी साधी गोष्ट किती घरांना ठाऊक होती? ठेवींच्या विम्याचा कायदा १९६१ सालचा आहे! ही मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये पाच लाखांवर नेली. एका बँकेच्या सगळ्या शाखांमधली रक्कम, व्याज धरून, मिळून पाच लाख. हे तरी आज किती जणांना माहीत आहे?

आणि गंमत बघा. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख आपल्याच जिल्ह्यात महाडजवळच्या नाते गावी जन्मले आणि रोह्यात लहानाचे मोठे झाले. १९४३ साली ते गव्हर्नर झाले, पुढे देशाचे अर्थमंत्री. १९७४ साली त्यांनी इंग्रजीत आत्मचरित्र लिहिलं. ज्या मातीने देशाला अर्थकारण शिकवणारा माणूस दिला, तिथल्याच माणसाला पासबुकाच्या पलीकडचं काही सांगणारं पुस्तक कुणी आणून देत नाही.

दुसरं उदाहरण जमिनीचं. २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातल्या बावीस गावांत महामुंबई सेझबद्दल सरकारने शेतकऱ्यांचं मत घेतलं. देशभर त्याची बातमी झाली. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातली ही गावं. 'लाभक्षेत्र', 'अधिसूचना', 'हरकती' हे कचेरीतले शब्द त्या काळात आपल्याकडच्या आयाबायांच्याही तोंडी बसले. सेझचा कायदा २००५ चा, भूसंपादनाचा कायदा १८९४ चा, हे लोकांना शिकावं लागलं, कारण गळ्याशी आलं होतं. त्यानंतर भूसंपादनाचा नवा कायदा २०१३ साली झाला आणि १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. आणि मार्च २०२४ मध्ये उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांवर नवं शहर वसवण्यासाठी एमएमआरडीएची नेमणूक झाली. म्हणजे परीक्षा पुन्हा आली. पुस्तक मात्र अजून जुन्याच इयत्तेचं. नव्या कायद्यावर मराठीत सोप्या भाषेतलं लिखाण शोधणं, ते चांगलं आहे की नाही हे जाणत्या माणसाकडून पारखून घेणं आणि चांगलं असेल तर या गावांत फिरवणं, हे काम कुणाचं? तलाठ्याचं तर नाही ना?

पुस्तक पायी चालत गेलं

पूर्वी मोबाइल नव्हता. तरी पुस्तकं पोचत होती. कशी, ते बघण्यासारखं आहे.

१८८३ हे साल लक्षात ठेवा. त्या वर्षी इंग्रज सरकारने कुलाबा आणि जंजिऱ्याचं गॅझेटिअर छापलं. आपल्या खारजमिनी, शिलोत्री पद्धत, बंदरं, पिकं, जातीजमाती, सगळं त्यात आहे, पण साहेबाच्या नजरेनं. त्याच वर्षी महात्मा जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. तो शेतकऱ्याच्या बाजूनं. गॅझेटिअर सरकारी खर्चानं छापलं गेलं आणि कचेऱ्यांत गेलं. 'असूड' जोतीरावांच्या हयातीत पूर्ण छापलासुद्धा गेला नाही. काही भाग 'दीनबंधू'त आला, मग तेही थांबलं. पण जोतीराव थांबले नाहीत. हस्तलिखित घेऊन ते गावोगाव गेले आणि लोकांना वाचून दाखवलं. छापण्याआधीच पुस्तकाला श्रोते मिळाले, आणि तेही ज्यांच्यावर ते लिहिलं होतं तेच.

दुसरं उदाहरण आपल्या पेण तालुक्याचं. विनोबा भावे गागोद्याचे. ११ सप्टेंबर १८९५ चा त्यांचा जन्म. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी ते गीतेवर बोलत आणि समोर बसलेले साने गुरुजी ते उतरून घेत. ऐकणाऱ्यानं कष्टानं टिपलं म्हणून 'गीता प्रवचने' हे पुस्तक झालं. पुढे १९५१ पासून भूदानाची पदयात्रा सुरू झाली, तेव्हा कार्यकर्त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत हीच पुस्तकं असत. मुक्काम पडला की सभा आणि सभेनंतर पुस्तकविक्री. पुस्तक देशातल्या अनेक भाषांत गेलं, ते अशा पायांच्या जोरावर. मोठी जाहिरात कुठं होती?

तिसरं उदाहरण मुंबईचं. दिनकर गांगल, अरुण साधू, अशोक जैन, कुमार केतकर आदी पत्रकार मित्रांनी १९७० च्या दशकात 'ग्रंथाली' काढली आणि तिला वाचक चळवळ म्हटलं. वाचकालाच सभासद करायचं, त्याला सवलतीत पुस्तक द्यायचं, गावोगावी प्रदर्शनं लावायची. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ साली याच वाटेनं आलं. जे आयुष्य छापण्याजोगं आहे असं कुणाला वाटत नव्हतं, ते घराघरात गेलं.

या तिन्ही उदाहरणांत एक गोष्ट सारखी आहे. पुस्तकाबरोबर एक माणूस चालत होता. 'मी हे वाचलंय, तुझ्या उपयोगाचं आहे' असं तो तोंडानं सांगत होता. दुकानातल्या फळीवर पुस्तक बोलत नाही, त्याला कुणाचं तरी तोंड लागतं. आज पायाऐवजी फोन आहे, एवढाच फरक. तोंड तेच लागणार.

फुकट वेगळं, चोरी वेगळी

फोनवर काय काय मिळतं याची अनेकांना कल्पना नाही. मराठी विश्वकोश संकेतस्थळावर मोफत वाचता येतो. राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची शेकडो पुस्तकं उतरवून घेता येतात. वर सांगितलेलं १८८३ चं गॅझेटिअरही घरबसल्या बघता येतं. डॉ. केतकरांचा ज्ञानकोश आहे. 'ई साहित्य प्रतिष्ठान' लेखकाच्या परवानगीनं ई-पुस्तकं वाचकांना मोफत देतं. हे सगळं राजरोस आहे. हवं तितकं वाटा.

पण दुसरा प्रकारही आहे. काल बाजारात आलेलं पुस्तक कुणीतरी पानापानांचे फोटो काढून पीडीएफ करतो आणि ग्रुपवर टाकतो. खाली पंधरा जण हात जोडलेलं चित्र टाकतात. 'ज्ञान वाटल्यानं वाढतं' अशी वर मखलाशी. मंडळी, ज्ञान वाटल्यानं वाढतं हे खरं, पण दुसऱ्याच्या कणगीतलं भात वाटून दानशूर होता येत नाही. कॉपीराइटचा कायदा १९५७ चा आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. जोतीराव १८९० साली गेले, त्यांची पुस्तकं सर्वांची. विनोबा १९८२ साली गेले, म्हणजे त्यांच्या लिखाणावरचा हक्क २०४२ संपेपर्यंत आहे. हा साधा हिशेब ग्रुपचालकानं पाठ करायला हवा.

कायदा बाजूला ठेवा, व्यवहार बघा. समजा तालुक्यातल्या एका निवृत्त शिक्षकानं पदरचे पन्नास हजार घालून आपल्या भागावरचं पुस्तक छापलं. पाचशे प्रती, दोनशे रुपये किंमत. विक्रेत्याचं कमिशन आणि टपालखर्च जाऊन हातात शंभर-सव्वाशे येतात. म्हणजे चारशे-पाचशे प्रती खपल्या तेव्हा कुठं मुद्दल सुटलं. आता शंभर प्रती जाताच त्याची पीडीएफ गावभर झाली, तर तो माणूस दुसरं पुस्तक लिहील का? मोठ्या प्रकाशकाला असा फटका बसला तर ओरखडा उठतो. गावातला लेखक मात्र आडवा होतो, आणि आपल्या भागावर लिहिणारा तो एकटाच असतो.

लेखकांनो, शालीचा फोटो पुरे

आता लेखकांना दोन शब्द. रागावू नका.

पुस्तक आलं की तुम्ही काय पाठवता? मुखपृष्ठ, त्यानंतर प्रकाशनाचा फोटो, त्यात पाहुणे, हार आणि मागे फलक. पुस्तकात आहे काय, हे कुठंच नाही. वाचकानं दोनशे रुपये कशासाठी द्यायचे? त्यापेक्षा अनुक्रमणिकेच्या पानाचा फोटो पाठवा. एक प्रकरण मोकळेपणानं वाचायला द्या. किंमत लिहा, कुठं मिळेल ते लिहा, आणि पुस्तक कुणासाठी आहे ते एका वाक्यात सांगा. 'भातशेती करणाऱ्यांसाठी', 'सातबाऱ्यावर वारसाची नोंद राहिली असेल त्यांच्यासाठी', असं नेमकं.

दुसरी गोष्ट, एकमेकांची पाठ खाजवणं थांबवा. मी तुझ्या पुस्तकाला 'अप्रतिम' म्हणतो, तू माझ्या पुस्तकाला 'अद्वितीय' म्हण. उंटाच्या लग्नात गाढवाचं गाणं! कथेच्या पुस्तकात हे एकवेळ खपून जातं. माहितीच्या पुस्तकात खपत नाही, कारण तिथं चूक महागात पडते. औषधाचं प्रमाण चुकलं, कलम चुकलं, फवारणीची वेळ चुकली, तर भोगायचं वाचकानं. म्हणून कुणी चूक दाखवली तर त्याचे आभार माना आणि दुरुस्ती त्याच ग्रुपवर टाका. छापील पुस्तकाला शुद्धिपत्र जोडायला खर्च येतो, फोनवर येत नाही.

तिसरी गोष्ट जोतीरावांकडून घ्या. छापण्याआधी वाचून दाखवा. खारबंदिस्तीवर लिहिलं असेल तर खारेपाटातल्या म्हाताऱ्याला ऐकवा. प्रत्यक्ष जाता येत नसेल तर आवाज रेकॉर्ड करून पाठवा. ज्याला वाचता येत नाही तोही तुमची चूक काढेल, आणि बहुतेक वेळा बरोबर काढेल.

वाचकांनो, अंगठा पुरत नाही

आता आपली बाजू. पुस्तकाची खबर आली की आपण अंगठ्याचं चित्र टाकून मोकळे. त्यानं पुस्तक एक इंचही पुढं सरकत नाही. पुस्तक खरोखर वाचलं असेल तर चार ओळी लिहा. पुस्तकात काय आहे, मला काय उपयोगी पडलं, कुठं पटलं नाही, आणि कुठं मिळालं. लेखणी नको वाटत असेल तर एक मिनिट बोला आणि ते पाठवा. आणि एक पथ्य पाळा: न वाचलेल्या पुस्तकाची शिफारस करायची नाही.

पाठवायचं कुणाला, हेही महत्त्वाचं. चारशे जणांच्या ग्रुपवर टाकलेलं कुणाचंच नसतं. ज्याच्या शेतात खारं पाणी शिरतं त्यालाच खारजमिनीचं पुस्तक सुचवा. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्रानं काळा राता, भुरा राता या जुन्या भातांवर काम केलं, 'पनवेल-१', 'पनवेल-२' अशा जाती दिल्या. हे दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या पुस्तिकांत, दैनंदिनीत सापडेल. ज्या आदिवासी वाडीचा वनहक्काचा दावा अडकला आहे, तिथल्या शिकलेल्या मुलाला २००६ च्या कायद्यावरची मराठी पुस्तिका पाठवा. एका माणसाला नेमकं पुस्तक पोचवणं हे हजारांना सुप्रभात म्हणण्यापेक्षा मोठं काम आहे.

न लिहिलेली पुस्तकं

या सगळ्यातून आणखी एक गोष्ट व्हायला हवी. आपल्याकडचं पुष्कळ ज्ञान अजून माणसांच्या डोक्यातच आहे.

पेणचे गणपती परदेशात जातात, हे आपण अभिमानानं सांगतो. पण हमरापूर, जोहे, कळवे इथल्या कारखान्यांतला साचा कसा घडतो, शाडूची माती कशी मळतात, डोळ्यांची आखणी कशी होते, हे कारागिराच्या तोंडून कोण लिहून घेणार? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं मे २०२० मध्ये पीओपीच्या मूर्तींना मनाई करणाऱ्या सूचना काढल्या. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं मूर्ती बनवायला वाट मोकळी केली, पण नैसर्गिक पाण्यात विसर्जनाला नाही. हजारो हातांच्या पोटाचा प्रश्न. पर्यावरणाची बाजू पुस्तकांतून आणि अहवालांतून बोलते. कारागिराची बाजू मोर्चात बोलते, पुस्तकात किती बोलते?

तीच गोष्ट खारेपाटाची. बाहेरकाठा कसा घालायचा, उघाडी कुठं ठेवायची, उधाणाला खांड गेली तर गाव कसं धावून जायचं, हे जाणणारी पिढी आता काठी टेकत चालते. रोह्याकडे धाटावची औद्योगिक वसाहत आली, कुंडलिकेचं पाणी बदललं, मासेमारी बदलली. त्याच्या आधीची नदी पाहिलेली माणसं अजून आहेत. नागोठण्यात जुलै १९८९ चा अंबेचा पूर अंगावर घेतलेली माणसं आहेत. ही माणसं गेली की त्यांच्याबरोबर एकेक ग्रंथालय जळालं असं समजा.

इथं फोन पुन्हा कामाला येतो. आजोबांचं बोलणं नातवानं टिपायचं. धुळ्याच्या तुरुंगात साने गुरुजींनी जे कागद-पेन्सिलीनं केलं, ते आज नववीतला पोरगा करू शकतो. चार गावांतले असे तुकडे एकत्र आले, जाणत्यानं तपासले, की पुस्तक उभं राहतं. आणि अशा पुस्तकाला वाचक शोधावा लागत नाही, कारण लिहितानाच अर्धा गाव त्यात असतो.

वाचनालयाचा कट्टा

हे सगळं एकट्यादुकट्यानं होणार नाही. त्याला ठिकाण लागतं, आणि ते आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. पेणला महात्मा गांधी वाचनालय आहे, रोह्यालाही सार्वजनिक वाचनाची जुनी परंपरा आहे. अनुदान तुटपुंजं, ग्रंथपालाचा पगार सांगायला लाज वाटावी असा, हे मान्य. पण पुढच्या तीन गोष्टींना अनुदान लागत नाही.

एक, 'आपला तालुका' नावाचं एक कपाट. त्यात इथल्या लेखकांची पुस्तकं, शाळांच्या, सोसायट्यांच्या, देवस्थानांच्या जुन्या स्मरणिका. कोकणच्या दमट हवेत कागद टिकत नाही, म्हणून ज्यांची परवानगी मिळेल त्यांचे फोटो काढून ठेवायचे. दोन, वाचनालयाचा एक ग्रुप, ज्यावर फक्त पुस्तकांबद्दलच लिहायचं. सुप्रभात टाकणाऱ्याला एकदा हात जोडून सांगायचं, दुसऱ्यांदा दार दाखवायचं. तीन, महिन्यातून एकदा एका माहितीच्या पुस्तकावर तासभर बैठक. लेखक इथला असेल तर समोर बसेल, लांबचा असेल तर फोनवर बोलेल. श्रोत्यांनी प्रश्न विचारायचे, हार घालायचे नाहीत.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला. पेढे वाटले, फलक लागले. चांगलं झालं. पण भाषेची अब्रू शेवटी कशावर ठरते? खारं पाणी शेतात शिरलं, जमिनीची नोटीस आली, बँकेचं दार बंद झालं, तेव्हा त्या भाषेत मदतीला येणारं पुस्तक माणसाला सापडतं की नाही यावर ठरते. दर वर्षी १५ ऑक्टोबरला आपण वाचन प्रेरणा दिन पाळतो. शाळेतल्या मुलांना पुस्तक हातात धरायला लावून फोटो काढतो. पुढच्या खेपेला मोठ्यांनीही काहीतरी करावं. प्रत्येकानं स्वतः वाचलेलं एक माहितीचं पुस्तक एका गरजू माणसाला सुचवायचं, आणि महिन्यानं त्याला विचारायचं, 'वाचलंस का रे? पटलं का?'

हे दुसरं विचारणं विसरू नका. पुस्तक पोचलं की नाही, ते त्यातूनच कळतं.